कोपरे चारच

आमच्या वहिनींच्या दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक आत डोकावून हमखास विचारतं, "मालक नाहीत का?" वहिनी करवत थांबवत नाहीत. "मालकच बोलतात, काय ते सांगा," म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात. मग ते गिऱ्हाईक शेजारी माझ्या दुकानाकडे बघतं आणि मी मान हलवून साक्ष देतो, की होय बाबा, याच मालक. गेली कित्येक वर्षं हे माझं बिनपगारी काम आहे.

वहिनी म्हणजे जयलक्ष्मीबाई. माझा मित्र महादेवराव, त्याची बायको, म्हणून वहिनी. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये एका जुन्या इमारतीत शेजारीशेजारी दोन गाळे आहेत. एकात माझं शिलाईचं दुकान, दुसऱ्यात त्याचं तसबिरींना फ्रेम घालून देण्याचं. मधे नुसती फळ्यांची भिंत. तिकडे करवत चालायची, इकडे माझं मशीन, आणि दोन्ही आवाजांच्या वर आमच्या गप्पा. त्याचे पूर्वज संस्थानच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. आमचे विठ्ठलाचं नाव घेत कापड शिवत आले आणि तेही इथलेच झाले. "आमच्या पणज्यानं तलवार धरली, तुमच्या पणज्यानं सुई," असं तो मला चिडवायचा. मी म्हणायचो, "आणि पणजोबांचा पराक्रमी पणतू आता काय धरतो? बारीक खिळे आणि सरसाचा डबा." यावर तो मनापासून हसायचा.

माणूस सोन्यासारखा, पण धंद्याला अगदी कुचकामी. त्याला नाही म्हणता यायचं नाही. कोणी आगपेटीएवढी चामुंडेश्वरी घेऊन यावं, कोणी नातवाचा पासपोर्ट फोटो, कोणी कॅलेंडरातून कापलेला तळहाताएवढा मारुती, आणि सगळ्यांनी जाताना हातावर चार रुपये ठेवावेत. तो ते न बघता खिशात टाकायचा. मी ओरडायचो. फ्रेम मोठी असो की छोटी, कोपरे चारच असतात. प्रत्येक कोपऱ्याला दोन काप, म्हणजे करवत तेवढीच चालते. उलट छोट्या पट्ट्या शिकंज्यात धड बसत नाहीत, हातानं दाबून धराव्या लागतात, मनगटाचं पार पीठ होतं. हे त्यानंच मला शिकवलेलं होतं आणि तोच ते विसरून बसायचा.

मग एका आजारात महादेवराव गेला. मूलबाळ नव्हतं. तेरावं झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात वहिनींनी शटर वर केलं. लोकांना वाटलं, सामान विकायला आल्या असतील. पण इतकी वर्षं नवरा पट्टी कापायचा तेव्हा दुसरं टोक धरलेलं असायचं ते यांनीच. काच कापायचा हिरा तर त्यांच्या हातात त्याच्यापेक्षा सरळ चालायचा. हे तो स्वतः सांगायचा, आणि काच फुटली की ती मात्र यांच्यामुळेच फुटली असंही सांगायचा.

पहिली दोन वर्षं बरी गेली. नवऱ्याचं काम त्यांनी उचललं आणि, दुर्दैवानं, नवऱ्याचा स्वभावही उचलला. आगपेटीएवढी चामुंडी यायची थांबली नाही. सगळं सरस्वतीपुरम छोट्या फ्रेमा घेऊन त्यांच्याकडे आणि मोठ्या घेऊन बाजारातल्या दुकानांत, अशी वाटणी होऊन बसली. नव्वद सालच्या सुमारास त्यांचं उजवं मनगट सुजायला लागलं. सकाळी केस विंचरायला फणी धरवेना. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, काम निम्म्यावर आणा, नाहीतर हा हात कायमचा जाईल.

त्यातच मानाजीराव आले. महादेवरावाचे थोरले भाऊ, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. मिशा अशा, की बोलण्याआधी त्याच दम देतात. इमारत त्यांच्या नावावर, दोन्ही गाळ्यांचं भाडं त्यांना जायचं. दोघा भावांचं कधी कडाक्याचं भांडण झालं नव्हतं, पण बोलणंही भाड्यापुरतंच उरलं होतं. वहिनींचं भाडं तीन महिने थकलेलं होतं.

मानाजीराव माझ्याच दुकानातल्या खुर्चीवर बसले आणि फळ्यांच्या भिंतीकडे बघत बोलले, म्हणजे वहिनींना ऐकू जाईल. "नरहरी, एसटीडी बूथवाला एक जण आलाय. दोन्ही गाळे एक करून मागतोय. भाडं दुप्पट देतो म्हणतोय. घराचं छप्पर गळतंय माझ्या, मी तरी काय करू सांग."

वहिनी डोक्यावर पदर घेऊन दारात आल्या. "भावजी, उगादीपर्यंत थांबा. थकलेलं सगळं देते. न्हाई जमलं तर मीच किल्ली आणून देते."

उगादी, म्हणजे आपला पाडवा, चार महिन्यांवर होती. मानाजीराव उठले. "उगादीपर्यंत. आयतु, ठरलं," म्हणाले आणि गेले. त्यांचंही काही चुकत होतं असं नाही, पण त्या दिवशी मला त्यांच्या मिशांचा फार राग आला. आणि खोटं कशाला बोलू, दोन्ही गाळे एक व्हायचे तर माझं मशीन काय फुटपाथवर ठेवायचं होतं का?

त्याच संध्याकाळी मी वहिनींसमोर विषय काढला. "वैनी, कमीत कमी दराची पाटी लावा. दहा बाय बारा इंचापर्यंत काहीही आणा, वीस रुपये. त्याच्या खाली न्हाई. ज्याला परवडतंय तो येईल, न्हाई परवडत तो जाईल. हात पण वाचेल, भाडं पण निघेल."

"ह्यांनी कधी केलं न्हाई असं."

"त्यानं केलं न्हाई म्हणूनच ही वेळ आली, अल्लवा, न्हाई का?"

हे मी फार कडक बोललो, पण बोललो ते खरं होतं. वहिनी बराच वेळ सरसाचा डबा ढवळत बसल्या. मग म्हणाल्या, "लिहा तुम्हीच. माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

पाटी मी लिहिली. कन्नडमध्ये, निळ्या रंगात, अक्षरं ठसठशीत. मला वाटलं, आता बाई सुटली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते तिरुमलराव, गणिताचे निवृत्त मास्तर. हातात स्वतःचा एक पासपोर्ट फोटो. पाटी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. "दहा बाय बारापर्यंत वीस ना? मग मला दहा बाय बाराचीच द्या. कमी का घेऊ?" वहिनींनी समजावलं, पण मास्तरांचा हिशोब पक्का होता. अखेर भल्या थोरल्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या मधोमध मास्तर चिकटले. ती फ्रेम मी पाहिली आहे. मोकळ्या मैदानात रिक्षाची वाट बघत माणूस उभा राहावा तसे दिसतात.

बाकीचे मात्र पाटी वाचून आल्या पावली परत जायला लागले. वहिनींचं मनगट उतरलं खरं, पण गल्ला तसाच राहिला. मी धीर देत होतो, की मोठी कामं येतील, थांबा. आणि मग ती पिंपळाची भानगड झाली.

आमच्या रस्त्याच्या टोकाला पिंपळाचा पार आहे, आम्ही त्याला अरळीकट्टा म्हणतो. पारावर नागाचे दगड, आणि दगडांच्या आडोशाला जुने देव. इकडची रीत अशी, की देवाच्या तसबिरीची काच तडकली तर ती घरात ठेवायची नाही. आणि देव केराच्या डब्यात कसा टाकणार? म्हणून हळद-कुंकू वाहून तो पारावर आणून ठेवायचा. एकदा ठेवला की ठेवला. पारावर गेलेला देव पुन्हा घराचा उंबरा ओलांडत नाही.

वहिनी रोज त्या पारावरून येतात. एक दिवस त्या आल्या त्या पदराखाली काहीतरी झाकून. चेहरा उतरलेला. माझ्या कापायच्या टेबलावर त्यांनी एक तसबीर ठेवली. तळहाताएवढी. बेट्टदपुरच्या डोंगरावरच्या मल्लिकार्जुनाची, जत्रेत मिळते तशी. काचेला एकच आडवी चीर, बाकी चित्र ठणठणीत. वहिनींनी ती उलटी केली. मागे खाकी कागद, आणि कागदाच्या कडेला बोटानं सरस फिरवण्याची ती पद्धत, मीही ओळखली. महादेवरावाचं काम.

"वैनी! पारावरचा देव उचलून आणला तुम्ही?"

"घरात कुठं नेला? दुकानात आणलाय." त्यांनी पदरानं काच पुसली. "नरहरीअण्णा, पारावर जाऊन बघा स्वल्प. पूर्वी दोन-तीन असायचे, आता ढीग लागलाय. सगळे बारके. चार रुपयांत काच बदलून नेत होते लोक. आता वीस म्हटल्यावर पारावर आणून ठेवतात. तुमच्या पाटीनं देवांना घराबाहेर काढलं."

"माझ्या पाटीनं?"

"बरं, माझ्या पाटीनं. उतरवा ती."

आमचं तेव्हा चांगलंच वाजलं. मी म्हटलं, उतरवा आणि उगादीला किल्ली नेऊन द्या. त्या गाळ्यात लोक फोनवर ओरडत बसतील आणि तुमचा हात जाईल तो जाईलच. त्या म्हणाल्या, हात माझा आहे. मी म्हटलं, गाळा माझाही आहे. बोलून गेल्यावर मला लाजल्यासारखं झालं, पण मी पाटी काढली नाही. त्यांनीही काढली नाही. दिवसभर ना करवत वाजली ना मशीन.

संध्याकाळी त्यांनी देवाच्या मालकिणीचा शोध लावला. फार लांब जावं लागलं नाही. मागच्या गल्लीत एक वठार आहे, म्हणजे वर छप्पर घातलेल्या एका बोळाच्या दोन्ही बाजूंना भाडेकरूंच्या खोल्या. तिथल्या सुमित्राबाईंची ती तसबीर. मी बरोबर गेलो होतो, रुसवा बाजूला ठेवून, कारण काय होतंय ते बघायचं होतं.

सुमित्राबाईंनी तसबीर बघितली आणि दोन पावलं मागे सरकल्या. "अय्यो, जयक्का! हे काय केलात? पारावरचा देव परत आणतात का? आत आणू नका हां."

"आणत न्हाई. पण ठेवला का पारावर?"

"मग काय करू? पापडाएवढी काच, तिला वीस रुपये! परवडायला नको? ह्या सोयराबाईंचा पण व्यंकटरमण तडकलाय, त्या पण उद्या नेणार होत्या." समोरच्या खोलीच्या दारात सोयराबाई उभ्या होत्याच. वठारात कुणी कुणाशी बोललं की समोरचं दार आपोआप उघडतं.

बोळाच्या तोंडाशी हॉटेल आहे, आणि तिथं दोन म्हातारे एक कॉफी दोन पेल्यांत ओतून घेत होते. आमच्याकडे याला बाय-टू म्हणतात. कितीही पैसेवाला असला तरी म्हैसूरचा माणूस मित्राबरोबर असला की बाय-टूच मागवतो. वहिनींनी तिकडे बोट केलं.

"कॉफी बाय-टू घेता ना तुम्ही? मग देव बाय-टू का नको? दोन्ही चित्रं जुन्या फ्रेमेतून काढते, एका मोठ्या काचेखाली बसवते. दहा बाय बारात दोघं काय, चार राहतील. वीस रुपये, निम्मे निम्मे."

मी थक्क झालो. चार कोपरे एकदाच कापायचे आणि देव दोन! मनगटाला निम्मं काम, दर पुरा. मी इतका बडबड्या माणूस, धंद्यातला शहाणा, मला हे सुचलं नव्हतं.

पण सुमित्राबाई हलेनात. "ते खरं. पण पारावरून आलेला माझ्या घरात चालायचा न्हाई. शास्त्र आहे ते."

सोयराबाईंनी लगेच सांगितलं, की मग तो त्यांच्याही घरात चालायचा नाही. आणि दोघींचा देव एकाच घरात राहिला तर दुसरीनं दिवा कुठं लावायचा? हा प्रश्न निघाला आणि वठारातली आणखी तीन दारं उघडली. बराच वेळ चर्चा चालली. शेवटी वहिनींनीच बोळाकडे बघून विचारलं, "हा बोळ कुणाच्या घरात येतो?"

कुणाच्याच नाही. बोळ सगळ्यांचा. उंबऱ्याच्या बाहेरचा, पण छपराखालचा. शास्त्रालाही धक्का नाही, देवालाही पाऊस नाही. सुमित्राबाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "मग परवागिल्ला, चालतंय."

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. दोन लहान चित्रं मोठ्या फ्रेमेत नुसत्या पुठ्ठ्यावर चिकटवली तर तिरुमलराव मास्तरांसारखी दिसतात, हे त्यांनाही कळत होतं. "तुमच्या चिंध्यांच्या पोत्यात ब्लाऊजचं काही उरलंय का?" मी पोतं उपडं केलं. मोरपंखी रंगाचा एक तुकडा निघाला. तो पुठ्ठ्यावर ताणून त्यावर दोन्ही देव बसवले, वर काच, आणि खरं सांगतो, दोघं इतके शोभले की मीच हात जोडले.

ती फ्रेम बोळात लागली आणि वठारातल्या उरलेल्या दारांना चैन पडेना. मग पुढच्या वठारातल्यांना. पाटीच्या खाली मी एक ओळ वाढवली: एका फ्रेमेत कितीही चित्रं. लोक पिशव्या घेऊन यायला लागले. एका पिशवीत गणपती, सासूबाई, मुलीचा शाळेतला पहिला नंबर आणि गेलेल्या कुत्र्याचा फोटो. कोणी लग्नातल्या साडीचा तुकडा स्वतःच घेऊन यायचं, मागे लावायला. जावा एकत्र यायच्या, शेजारणी एकत्र यायच्या, आणि एकत्र आल्यामुळे आधी माझ्या दुकानात बसून कोणाचा फोटो मधे यावा यावर भांडायच्या. भांडताना त्यांना माझ्याकडचे ब्लाऊजपीस दिसायचे, तेव्हा तेही खपायचे. तिरुमलराव मास्तरसुद्धा परत आले. पत्नीचा फोटो घेऊन. "बाजूला जागा आहे ना अजून?" एवढंच विचारलं त्यांनी. वहिनींनी पुठ्ठा नवा घातला, दोघांना शेजारी बसवलं, आणि पैसे घेतले नाहीत. फ्रेम तीच होती, कोपरे पुन्हा कापावे लागले नव्हते. मास्तर वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि मला माझा जुना विनोद जरा महागात पडला.

पारावरचा ढीग कमी झाला. वहिनी रोज बघून येऊन मला सांगायच्या. करवत दिवसातून थोडा वेळच चालायची, उरलेला वेळ चित्रं मांडण्यात जायचा, त्याला मनगट लागत नाही, नजर लागते. सूज उतरली. थकलेलं भाडं हळूहळू फिटत आलं. पण फक्त थकलेलं फिटून भागणार नव्हतं. एसटीडीवाला दुप्पट देत होता, आणि दुप्पट आमच्याच्यानं होणार नव्हतं. मानाजीराव अधूनमधून रस्त्याच्या पलीकडे उभे राहून दुकानाकडे बघायचे, आत यायचे नाहीत. त्यांच्या मनात काय आहे ते मिशांमुळे कळायचं नाही.

उगादीचा दिवस आला. सकाळी दुकानांना आंब्याची पानं बांधली, एकमेकांना कडुनिंब-गूळ दिला. वहिनींनी थकलेल्या भाड्याचं पाकीट पुढ्यात ठेवलं होतं आणि पाकिटावर किल्ली. किल्ली बघून मला कडुनिंबाची चव पुन्हा तोंडात आली. "ती कशाला काढली?" मी विचारलं. "बोलले होते मी," त्या म्हणाल्या. "त्यांना दुप्पट पाहिजे असेल तर अडवायचं न्हाई."

मानाजीराव आले. नवं धोतर, काखेत जुनी पत्र्याची पेटी. पाटीसमोर उभे राहून त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मी वाढवलेल्या ओळीसकट. मग पेटी उघडली आणि वहिनींच्या टेबलावर तीन फोटो ठेवले. एक त्यांच्या आजोबांचा, घोडेस्वाराच्या पोशाखातला, बोटभर. एक आई भागीरथीबाईंचा, रेशनकार्डासाठी काढलेला असावा तसा. आणि एक महादेवरावाचा. विशीतला, केस मागे फिरवलेले, हसू दाबलेलं. असा फोटो आहे हे वहिनींनाही माहीत नव्हतं. त्यांच्याकडे होता तो फक्त आजारपणातला.

"हे तिघं एकात बसतील?" मानाजीरावांनी विचारलं.

वहिनींनी महादेवरावाचा फोटो जवळ ओढला. त्यांनी मान हलवली.

"महादेव लई मागं लागायचा. दादा, पेटीतले फोटो दे, चांगली फ्रेम करतो. मी म्हणायचो, बघू. सुम्ने, उगीचच म्हणत राहिलो, बघू." ते खुर्चीवर बसले. "कर. थांबतो मी."

वहिनी पट्टी कापायला लागल्या आणि मी माझ्या दुकानात जाऊन पोत्यात हात घातला. मला हवं होतं ते तळाशी होतं. करड्या कापडाचा तुकडा. महादेवरावाच्या लग्नाचा कोट मी शिवला होता, त्यातलं उरलेलं. इतकी वर्षं का ठेवलं होतं, देव जाणे. शिंप्याच्या हातून कापड टाकलं जात नाही. मी ते वहिनींसमोर ठेवलं. त्यांनी बोटांनी चाचपलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुठ्ठ्यावर ताणायला घेतलं. त्या वेळी मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही, हात सरसाचे होते म्हणून.

फ्रेम झाली. मानाजीरावांनी खिशातून वीस रुपये काढले.

"भावजी, नको. घरचं आहे."

"पाटी सगळ्यांना." त्यांनी नोट टेबलावर ठेवली आणि पाकिटावरची किल्ली उचलली. त्यांनी ती किल्ली वहिनींच्या बाजूला सरकवली, पाकीट तेवढं खिशात घातलं. "एसटीडीवाल्याला तिकडं गावाबाहेर हिनकलात जागा बघून दिलीय मी. आता खिळा कुठं आहे?"

"खिळा कशाला? तुमच्या घरी—"

"माझ्या घरी लावलं तर माझं होईल. तुझ्या घरी लावलं तर तुझं. त्या वठारातल्या बायकांनी काय केलं? हितंच लाव. हितं ये-जा करणाऱ्या सगळ्यांचं."

वहिनींनी हातोडी घेतली, पण पट्ट्या कापून मनगट भरून आलं होतं. मानाजीरावांनी ती त्यांच्या हातून घेतली. या माणसानं जन्मात कधी खिळा ठोकला नसावा. पहिला घाव भिंतीवर, दुसरा स्वतःच्या बोटावर, आणि तिसऱ्याला खिळा तिरका गेला. मी स्टूल धरून उभा होतो आणि हसू दाबत होतो, अगदी त्या फोटोतल्या माणसासारखं.

त्याला आता खूप वर्षं झाली. दर दोनदा वाढवला आम्ही, पाटी नवी लिहिली, शेवटची ओळ तशीच ठेवली. मानाजीराव असेपर्यंत दर उगादीला हार घेऊन यायचे. माझे डोळे आता अधू झालेत. सुईत दोरा ओवता येत नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की वहिनी आधी माझ्याकडे येतात, मूठभर सुया ओवून एका कापडाच्या तुकड्यात टोचून ठेवतात आणि मग आपलं शटर वर करतात. दोन गाळ्यांमधली फळ्यांची भिंत अजून उभी आहे आणि तिच्या अलीकडे मी अजून शिवतो आहे, हे त्या बाईचे उपकार. त्यांना तोंडावर सांगितलं तर म्हणतात, "पाटी तुमचीच होती ना?" म्हणून इथं लिहून ठेवतो.

ती फ्रेम दारासमोरच्या भिंतीवर आहे. थोडी डावीकडे कललेली. नवीन गिऱ्हाईक आलं की फ्रेमवाल्यांच्याच दुकानात फ्रेम तिरकी बघून त्याचा हात आपोआप ती सरळ करायला पुढे जातो. वहिनी करवत थांबवत नाहीत एरवी कशासाठी. तेव्हा तेवढी थांबवतात आणि म्हणतात, "राहू द्या. आमच्या भावजींनी लावलीय ती."